रेझिन मारलं की वाकडं हेल्मेट सरळ होईल का?

पत्र असं आहे: "दादा, मला कॉस्प्लेसाठी (आवडत्या पात्राचा वेश करतात ना, त्यासाठी) आख्खं आर्मर, म्हणजे चिलखत, करायचंय, याआधी असलं काहीच बनवलेलं नाही. पेपर टेम्प्लेट (कापून, दुमडून जोडायचे छापील तुकडे) डाउनलोड केली आणि हेल्मेटपासून सुरुवात केली, घरातल्याच साध्या कागदावर प्रिंट काढून. आता हेल्मेट जवळजवळ झालंय पण डावीकडून दबलेलं दिसतं, मागची शिवण अर्धा सेंटीमीटर तरी जुळत नाही, आणि डोकं कसंबसं आत जातं. एकजण म्हणाला रेझिन मार, कडक होऊन सगळं नीट होईल. आई म्हणते घरात असलं केमिकल आणायचं नाही, मी म्हटलं बाल्कनीत करते. दुसरा म्हणतो कागद सोड, सरळ फोम घे. हातात दोन महिने आहेत. काय करू? - अर्धवट हेल्मेटवाली"

अगं, आधी रेझिनचंच बोलू, कारण ते तू उद्या घेऊन येशील अशी भीती वाटतेय मला. नको मारूस. रेझिन काही सरळ करत नाही, कागद ज्या आकारात उभा आहे त्याच आकारात तो कायमचा कडक होतो, म्हणजे दबलेली डावी बाजू दबलेलीच राहणार, फक्त आज ती शिवण उसवून सुधारता येते आणि उद्या ती घासून नि पुट्टी भरूनच सुधारावी लागेल. त्यात ओलं रेझिन लागलं की पातळ कागद मऊ पडतो आणि आहे त्यापेक्षा अजून बसतो. तुझ्या साध्या कागदाचं तर विचारूच नको. म्हणजे ज्याने हा सल्ला दिला त्याने बहुतेक नीट जोडलेल्या हेल्मेटवर मारलं असणार.

मग वाकडं का झालं? एक कारण कागद. प्रिंटरचा रोजचा कागद ७० ते ८० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा म्हणजे कागद जाड) असतो, तो स्वतःचं वजन पेलत नाही, गोंदाच्या ओलाव्याने लगेच वाकतो. आर्मरसाठी १६० ते २२० जीएसएमचं कार्डशीट धर. २२० च्या वर जाऊ नको, घड्या फुटायला लागतात आणि बारीक तुकडे (नाक, कानाजवळचे वगैरे) जुळवताना हात रडकुंडीला येतात. कार्डशीट घेण्याआधी तुझा प्रिंटर किती जाड कागद ओढतो ते बघून घे, ज्यात कागद मागून सरळ आत जातो तो बरा, ज्यात पोटातून उलटा वळून येतो तो जाड कागद मध्येच अडकवतो. नसेल जमत तर साध्या कागदावर प्रिंट काढ, तो कार्डशीटवर ठेवून टोकदार वस्तूने कोपरे टोचून घे आणि टिंबं जोड. वेळ खातं पण चालतं.

दुसरं कारण, आणि माझ्या मते तुझ्या केसमध्ये हेच मोठं आहे, जोडायचा क्रम. नवीन माणूस तुकडे जसे कापून होतील तसे चिकटवत सुटतो, एकीकडे हनुवटीचा भाग तयार, दुसरीकडे टाळूचा, मग शेवटी ते दोन मोठे भाग एकमेकांना जोडायला जातो आणि तिथे अर्धा सेंटीमीटर उरतो. हा अर्धा सेंटीमीटर त्या शिवणीचा नसतोच गं, आधीच्या वीसपंचवीस शिवणींमध्ये केसभर केसभर सरकलेलं सगळं तिथे जमा होतं. म्हणून हेल्मेट नेहमी मधल्या रेषेपासून चालू करायचं, कपाळ ते टाळू ते मान असा मधला पट्टा आधी, आणि मग एक तुकडा डावीकडे की एक उजवीकडे, परत डावीकडे, परत उजवीकडे. एक आख्खी बाजू उरकून मग दुसरी घेतली तर पहिली बाजू सगळ्याला आपल्याकडे ओढते. तुझी डावी बाजू दबलीय म्हणजे तिथे असंच काहीतरी झालं असण्याची शक्यता खूप आहे.

तिसरं, घड्या. प्रत्येक घडीच्या रेषेवर स्टील पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेनने किंवा कटरच्या बोथट बाजूने दाबून रेघ मारायची आणि गोंदाची बाटली उघडण्याआधी त्या तुकड्याच्या सगळ्या घड्या घालून घ्यायच्या. नुसत्या बोटाने घडी घातली की ती रेषेवर पडत नाही, जवळपास कुठेतरी पडते, आणि हे जवळपासच पुढे जाऊन त्या शिवणीत निघतं. डोंगरघडी आणि दरीघडी, म्हणजे बाहेर येणारी आणि आत जाणारी, यांच्या तुटक रेषा वेगवेगळ्या असतात पण सगळीकडे सारख्याच पद्धतीने काढलेल्या असतात असं नाही, त्यामुळे कागदी घड्यांच्या पुस्तकात शिकलेलं इथे आंधळेपणाने लावू नको, स्क्रीनवर थ्रीडी मॉडेल फिरवून एक घडी तपासून घे आणि मग पुढे जा. कडांवर नंबर असतात, सारख्या नंबरच्या दोन कडा एकमेकींना चिकटतात, एवढं तुला कळलेलंच असेल. एक सांगतो, कापायच्या आधी प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने पान नंबर लिही, नाहीतर तासाभराने टेबलावर पांढरे त्रिकोणच त्रिकोण.

गोंद. पांढरा गोंद पातळ थरात लावला तर उत्तम, सरकवायला अर्धा मिनिट तरी मिळतो, पण इंकजेटची शाई ओलाव्याने फुटते तेव्हा प्रिंटच्या बाजूला लागू देऊ नको. ग्लू गन पटकन धरते पण शिवणीत गाठ राहते आणि ती जाडी पण तुझ्या त्या अर्ध्या सेंटीमीटरमध्ये मिळवली जाते, म्हणून ती फक्त आतून आधार द्यायला वापर. सुपर ग्लू झटक्यात धरतो, चुकलं की चुकलं. आणि सुपर ग्लू वापरताना कॉटनचे हातमोजे घालू नकोस, कापूस आणि तो गोंद एकत्र आले की इतकी उष्णता तयार होते की चटका बसतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता माप, जे तू बहुतेक घेतलंच नाहीस, हो ना? टेम्प्लेट ज्याने बनवली त्याने ती स्वतःच्या अंगावर किंवा नुसत्या मॉडेलच्या मापावर बनवलेली असते, तुझ्या नाही. थ्रीडी मॉडेल उलगडून असे कागदी तुकडे करून देणारं पेपाकुरा हे सॉफ्टवेअर जपानच्या तामा सॉफ्टवेअरचं, त्याच्या फाइली पीडीओ असतात, व्ह्यूअर फुकट मिळतो आणि त्यात फाइल उघडून प्रिंट काढता येते, डिझायनर नावाच्या पूर्ण आवृत्तीत मॉडेलची उंची-रुंदी बदलता येते, बदललेली फाइल सेव्ह करायची तर लायसन्स लागतं. तुझी टेम्प्लेट साधी पीडीएफ असेल तर प्रिंट करताना टक्के बदलूनच माप वाढवावं लागेल, आणि मोठे तुकडे पानाबाहेर जायला लागले की पीडीएफची गंमत संपते.

हिशोब कसा करायचा ते हाताच्या भागावर सांगतो कारण तो सगळ्यात सोपा आहे. कोपराखाली हाताचा सगळ्यात जाड घेर मोज, समजा २७ सेमी आला. त्याला ३.१४ ने भागलं की ८.६ सेमी, हा तुझ्या हाताचा व्यास. दोन्ही बाजूंनी एकेक सेंटीमीटर पॅडिंग आणि कपड्यासाठी सोडलं की १०.६. आता सॉफ्टवेअरमध्ये त्या भागाची आतली रुंदी बघ, ती ९.२ असेल तर १०.६ भागिले ९.२ म्हणजे १.१५, तेवढ्या पटीने मोठं करायचं. पण इथे दोन गोष्टी लक्षात घे, एक तर १५ टक्के मोठं केलं की लांबी पण १५ टक्के वाढते आणि तो भाग कोपरात घुसायला लागतो, मग हात दुमडत नाही, तेव्हा लांबी वेगळी मोजून जास्तीची कापून टाकायची. आणि दुसरं म्हणजे क्षेत्रफळ १.१५ गुणिले १.१५, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश कागद जास्त. मोजून कार्डशीट आणलेलं असेल तर इथे कमी पडतं.

एवढं करून प्रिंट काढताना प्रिंटरच्या सेटिंगमध्ये पानात बसवा असं काहीतरी ऑन राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात, कारण तो गुपचूप दोनचार टक्के बारीक करतो. शंभर टक्के, मूळ आकार, हेच निवड. अमेरिकन टेम्प्लेट लेटर आकाराच्या पानावर असतात, तो कागद २१६ बाय २७९ मिमी, आपला ए४ २१० बाय २९७, रुंदीला ६ मिमीचा फरक आहे, त्यामुळे तिथे कडेचं कापलं जातंय का ते बघायचं. पहिलं एकच पान काढ, त्यावरची एखादी माहीत असलेली रेष पट्टीने मोज, बरोबर निघाली की मगच बाकीची पानं सोड.

हेल्मेटच्या बाबतीत माप घेणं जरा वेगळं. भिंतीला टेकून उभी राहा, डोक्यावर पुस्तक आडवं धरून भिंतीवर खूण कर, हनुवटीची खूण कर, मधलं अंतर ही तुझ्या डोक्याची उंची. कानापासून कानापर्यंतची रुंदी, नाकाच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंतची खोली. प्रत्येक बाजूला एक-दीड सेंटीमीटर सोड. आता तू म्हणतेस डोकं कसंबसं जातं. बघ, आत गेल्यावर ते बरोबर बसतं का सैल आहे? बरोबर बसत असेल तर हेल्मेटचं माप ठीक आहे, अडचण फक्त मानेच्या भोकाची आहे, कारण पात्राचं चित्र काढणारा मान बारीक दाखवतो आणि त्या भोकातून खऱ्या माणसाचं नाक जायचं असतं हा विचार त्याने केलेला नसतो. अशा वेळी लोक काय करतात तर आख्खं हेल्मेट मोठं करतात, मग डोकं आत आरामात जातं आणि फोटोत खांद्यांवर भोपळा ठेवल्यासारखं दिसतं. ते करू नको. मागचा भाग वेगळा कापता येतो, कडक झाल्यावर, आणि तो चुंबकांनी परत बसवता येतो. कुठे कापायचं ते मात्र आत्ताच ठरव, एखाद्या रंगाच्या किंवा पॅनेलच्या रेषेवरून कापलं की फट दिसत नाही.

तर हे जे साध्या कागदाचं हेल्मेट आहे ते फेकू नको, त्याला ट्रायल समज. घाल, आरशात बघ, डोळ्यांची फट तुझ्या डोळ्यांसमोर येते का, मान वळते का, खाली बघितल्यावर छातीला टेकतं का, सगळं पेनाने त्याच्यावरच लिही. मग माप सुधारून कार्डशीटवर नवीन कर. पण लगेच नाही! आधी हाताचा एक भाग कर. आठदहा मोठे तुकडे, नळीसारखा आकार, चुकला तर एका संध्याकाळीत परत होतो, आणि घडी, क्रम, माप हे तिन्ही त्यात हाताला बसतं. हेल्मेटपासून सुरुवात करायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण दिसायला तेच भारी. आणि म्हणूनच अर्धवट राहिलेली आर्मर बहुतेक हेल्मेटपाशीच अडकलेली असतात.

आता कडक करायचं. कागदाच्या हेल्मेटची जुनी पद्धत अशी आहे की बाहेरून पॉलिएस्टर रेझिनचा पातळ हात, तो वाळला की आतून फायबरग्लास मॅटचे छोटे तुकडे रेझिनमध्ये भिजवून, मग बाहेरून गाडीच्या पत्र्यावर लावतात ती पुट्टी, मग घासणं, ८० नंबरचा पॉलिश पेपर, १२०, २२०, ४००. याने हेल्मेट खरंच मजबूत होतं, पडलं तरी सहसा फुटत नाही. पण आई बरोबर आहे. या रेझिनमध्ये स्टायरीन असतं, त्याची वाफ डोकं दुखवते, चक्कर आणते, आणि साधा धुळीचा मास्क ती वाफ अजिबात अडवत नाही, एन९५ पण नाही, त्याला ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो. रेझिन कडक व्हावं म्हणून त्यात मिसळतात तो हार्डनर, म्हणजे एमईकेपी, त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा नाही, बंद गॉगल लागतो. हार्डनर डब्यावर लिहिलंय तेवढाच, साधारण एक ते दोन टक्के, लवकर वाळावं म्हणून जास्त टाकला की कप तापतो, धूर निघतो. ब्रश धुवायला जे अ‍ॅसिटोन वापरतात ते आणि हार्डनर कधीही एकत्र येऊ द्यायचे नाहीत, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. फायबर घासताना उडणारी धूळ वेगळीच. बाल्कनीचं दार घरात उघडतं ना? मग ती वाफ घरातच येणार आणि वास कितीतरी दिवस रेंगाळणार. मोकळी जागा, मास्क, गॉगल, नायट्राइल हातमोजे, सोबत आधी हे केलेलं कोणीतरी, हे सगळं असेल तर विचार कर. दोन महिन्यांत, पहिल्यांदाच, बाल्कनीत - नको.

त्याऐवजी आतून कागदाचे थर दे. पांढरा गोंद थोडं पाणी घालून, पातळ कागदाच्या लहान पट्ट्या, एक थर लावला की पूर्ण वाळू दे, मगच दुसरा, असे चारपाच. घाई करून दोन थर एकदम दिले तर पाण्याने आकार सुटतो. ओलं असताना आकार हलू नये म्हणून हेल्मेटच्या तोंडाशी, आतून कानापासून कानापर्यंत, पुठ्ठ्याच्या आडव्या पट्ट्या बसव, रुंदी मोजून, आणि सगळे थर वाळल्यावरच त्या काढ. हे रेझिनइतकं टणक होत नाही आणि पावसात चालणार नाही, पण एका कार्यक्रमाला आरामात टिकतं, बाहेरून पुट्टी पण घेतं. मात्र ती पुट्टी सुद्धा त्याच जातीची असते, वास आणि हार्डनर तिलाही असतो, तेव्हा ती उघड्यावरच लाव, किंवा अ‍ॅक्रिलिकवाली भिंतीची हलकी पुट्टी लाव जी पाण्याने धुता येते. पाण्यावर चालणारी रेझिन पण मिळतात, वास कमी, खर्च जास्त.

आणि फोम? तुझा दुसरा मित्र छातीच्या आणि मांडीच्या बाबतीत बरोबर बोलतोय. छाती कागदात केली तर ती कडक पेटी होते, खाली बसता येत नाही, फोम वाकतो. इव्हीए फोम (चपलेच्या तळव्याला असतो तसला) घे, छातीला १० मिमी, हातापायाला ५-६, वरच्या नक्षीला २ मिमी. कागदाचीच टेम्प्लेट चालते पण जशीच्या तशी नाही. चिकटवायच्या कडेच्या पट्ट्या कापून टाकायच्या, फोममध्ये कड कडेला भिडते. कागदात गोलाई दाखवायला जे दहा छोटे त्रिकोण असतात ते एकत्र करून एकच मोठा तुकडा काढायचा आणि हीट गनने गरम करून हातानेच वळवायचा. आणि जाडी धरायची, १० मिमीचा पट्टा गोल केला की आतला घेर साधारण ३ सेंटीमीटरने कमी होतो, कागदात बरोबर बसलेलं फोममध्ये आवळतं ते याच्यामुळे. पट्टी लावून नवीन धारेच्या ब्लेडने काटकोनात काप, दर थोड्या वेळाने ब्लेड बदल. कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह दोन्ही कडांना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांब आणि मग एका टोकापासून दाबत जा, एकदा टेकलं की सरकत नाही. हाही सॉल्व्हंटचा गोंद आहे, खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने. फोम जाळू नको, वरची चमक बदलली की थांब, धूर दिसला म्हणजे फार झालं.

म्हणजे माझा हिशोब असा, हेल्मेट कागदाचं थर देऊन, छाती आणि खांदे फोमचे, हाताचे दोन्ही भाग कागद किंवा फोम, ज्याची तुला सवय झालीय त्यात. पाय या वेळी सोड, काळी पँट आणि बूट घाल, कोणी खाली बघत नाही. पहिले दोन आठवडे हात आणि माप, मग तीन आठवडे हेल्मेट, दोन आठवडे छाती-खांदे, उरलेला वेळ रंग आणि पट्टे. रंगाचं फार टेन्शन घेऊ नको, फोमवर आधी पांढऱ्या गोंदाचे तीनचार हात, मग प्राइमर, काळा बेस, त्यावर चंदेरी, आणि शेवटी पातळ काळा अ‍ॅक्रिलिक लावून लगेच फडक्याने पुसायचा की खाचांमध्ये मळ बसल्यासारखा दिसतो.

पट्ट्यांना मात्र वेळ ठेव, हे सगळे विसरतात. छाती एका बाजूने उघडी ठेवून तिथे बकल लाव, अशी की तुझी तुला घालता-काढता येईल, कारण बाथरूमला जाताना मदतनीस शोधत फिरायला नको. खांदे छातीला रुंद इलास्टिकने अडकव, खिळवून टाकलेस तर हात वर होणार नाही. हेल्मेटमध्ये कपाळाला आणि मागे फोमचे तुकडे चिकटव, तोंडासमोर हवा जायला जागा ठेव, व्हायझर (डोळ्यांसमोरची पारदर्शक काच) असेल तर वरून फट ठेव नाहीतर दहा मिनिटांत धुकं. कार्यक्रमाच्या निदान एक आठवडा आधी सगळं घालून घरात अर्धा तास फीर, बस, जिना चढ-उतर, जिथे टोचेल तिथे खडूने खूण कर आणि कापून टाक.